दुकानात जुळलेला रंग उन्हात का बिघडतो?

येवल्याहून पैठणी आली की पुढची फेरी नाशिकच्या मेन रोडवरच्या मॅचिंग सेंटरची. तिथला मुलगा गठ्ठ्यातून भराभर सात-आठ कापडं काउंटरवर टाकतो, त्यातलं एक काठाशेजारी ठेवलं की अगदी एकजीव दिसतं, आणि तेवढ्यात सोबतची कोणीतरी अनुभवी मावशी म्हणते, "थांब, बाहेर उजेडात नेऊन बघू." दुकानदारालाही त्यात वावगं वाटत नाही. उलट तोच म्हणतो, "ताई, उन्हात बघून घ्या, कापल्यावर परत घेणार नाही." बाहेर पायरीवर आलं की आत हुबेहूब जुळलेला अंजिरी ब्लाउजपीस काठापेक्षा चक्क लालसर दिसायला लागतो. साडी तीच, कापड तेच, डोळेही तेच.

दुकानातले दिवे फसवे असतात, हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. दिवा बदलला म्हणून रंग बदलला हे ठीक, पण मग दोन्ही कापडांचा रंग सारखाच बदलायला हवा होता. एक जागचं हललं आणि दुसरं हललं नाही, असं का व्हावं? हे कळायचं तर रंग नेमका तयार कुठे होतो तिथपर्यंत जावं लागतं, आणि तो रंगाऱ्याच्या हंड्यात तयार होत नाही.

आधी प्रकाश. उन्हात वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण एकत्र असतात. त्यातले साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले आपल्याला दिसतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० च्या बाजूला जांभळा-निळा, मधे हिरवा, ५८० च्या आसपास पिवळा, सहाशेच्या पुढे नारिंगी आणि लाल, असं आपण सोयीसाठी म्हणतो. किरण स्वतः मात्र रंगीत नसतात. लोलकातून ऊन पाडून त्याचे पट्टे वेगळे करून दाखवणाऱ्या न्यूटननेच १७०४ साली छापलेल्या ग्रंथात हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे: किरणांत रंग नसतो, रंगाची जाणीव जागी करण्याची ताकद तेवढी असते. कापडाचं काम त्याहून साधं. अंगावर पडलेल्या उजेडातलं काय गिळायचं आणि काय परत पाठवायचं, एवढंच त्यातलं रंगद्रव्य ठरवतं. परत आलेलं ते मिश्रण डोळ्यात शिरतं आणि तिथून पुढे खरी गंमत सुरू होते.

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असतं, डॉक्टर ज्याला रेटिना म्हणतात. त्यात उजेड टिपणाऱ्या पेशी दोन जातीच्या. दंडपेशी सुमारे १२ कोटी, त्या अंधुक उजेडासाठी. शंकुपेशी सुमारे ६० लाख, त्या दिवसासाठी आणि रंगासाठी. शंकूंचे पुन्हा तीन प्रकार. पुस्तकांत त्यांना लाल, हिरवे आणि निळे शंकू म्हणून टाकलेलं असतं आणि तिथेच अर्धा गोंधळ सुरू होतो. पहिला प्रकार सर्वांत जास्त प्रतिसाद देतो तो ५६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला, लालला नाही. दुसरा ५३० ला, तिसरा ४२० ला. म्हणून लांब, मध्यम आणि आखूड तरंगांचे शंकू म्हणणंच बरं. पहिल्या दोघांत अंतर किती, तर जेमतेम ३० नॅनोमीटर. एकमेकांवर जवळजवळ बसलेले हे दोन प्रकार, आणि टोमॅटो कच्चा की पिकलेला हा निर्णय मुख्यतः त्यांच्यातल्या त्या चिंचोळ्या फरकावर उभा आहे.

शंकूच्या आत ऑप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या कुशीत रेटिनल नावाचा छोटा रेणू. हा रेणू 'अ' जीवनसत्त्वापासून बनतो. गाजर, शेवग्याचा पाला, आंबा यांचं डोळ्यांशी जे नातं आजी सांगते ते इथलं. अंधारात हा रेणू वाकलेला असतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, त्याने गिळला की तो ताडकन सरळ होतो, ऑप्सिनला धक्का बसतो, आणि पेशीत रासायनिक साखळी सुरू होते. या साखळीचा शेवट मात्र उलटा आहे. अंधारात या पेशी पुढच्या पेशींकडे सतत रसायन सोडत असतात, आणि उजेड पडला की ते कमी करतात. आपण बघतो ते त्यांच्या गप्प होण्यातून. ऑप्सिनची घडण तिन्ही प्रकारांत थोडी थोडी वेगळी, म्हणून कोणत्या तरंगलांबीचा फोटॉन गिळला जाण्याची शक्यता किती, हेही वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकदा फोटॉन गिळला गेला की तो कोणत्या तरंगलांबीचा होता ही माहिती तिथेच संपते. पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर फक्त आकडा मांडणारा माणूस बसवला, तर संध्याकाळी त्याच्या वहीत ५०० गाड्या दिसतील. त्यात ट्रक किती, मोटारी किती, हे ती वही सांगू शकणार नाही. शंकूही तसाच नुसता आकडा मांडतो. ५६० नॅनोमीटरचा मंद उजेड आणि ६२० नॅनोमीटरचा प्रखर उजेड, दोन्हींतून लांब शंकूच्या वहीत एकच आकडा पडू शकतो. म्हणजे एकटा शंकू रंगांधळाच असतो, मग तो कोणत्याही प्रकारचा असो. डोळ्याच्या अभ्यासात याला एकचलतेचं तत्त्व म्हणतात. रंगदृष्टीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी हीच सांगेन.

तर रंग कळतो कसा? तीन वह्या शेजारी ठेवून. एकाच ठिकाणी लांब शंकूने ९०, मध्यमने ७० आणि आखूडने ५ मांडले, तर त्या प्रमाणातून पिवळा. मध्यम लांबपेक्षा पुढे गेला की हिरव्याकडे. आखूडचा आकडा सगळ्यात मोठा असला की निळा. (हे आकडे समजण्यापुरते.) उजेड टिपणाऱ्या अशा तीनच घटकांवर सगळे रंग भागत असावेत, हा अंदाज इंग्लंडमध्ये थॉमस यंगने १८०२ मध्येच मांडला होता, शंकू नावाची पेशी कोणाला नीट माहीत नसताना. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झने तो विस्ताराने मांडला, आणि मॅक्सवेलने १८६१ मध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून काढलेली तीन चित्रं पडद्यावर एकमेकांवर पाडून रंगीत फोटो दाखवला.

मॅक्सवेलची ती युक्ती आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवर लिंबाचा किंवा झेंडूचा फोटो उघडा आणि स्क्रीनवर बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्यातून पिवळ्या भागात पिवळं काही दिसत नाही. लाल आणि हिरवे ठिपके शेजारीशेजारी पेटलेले दिसतात, निळे जवळजवळ विझलेले. ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा शुद्ध पिवळा किरण लांब आणि मध्यम शंकूंकडून जे आकडे मांडून घेतो, तेच आकडे हे लाल-हिरवे ठिपके मिळून मांडून घेतात. मेंदूला फरक करायला जागाच उरत नाही. चित्रकलेच्या तासाला लाल आणि हिरवा मिसळून मळकट तपकिरी मिळतो आणि इथे पिवळा, याचं कारण तिथे प्रत्येक रंगद्रव्य आपापला वाटा गिळत जातं, इथे उजेडात उजेड वाढत जातो. रंगपंचमीला दोन-तीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या हौदांत, उड्या मारून आलेल्या पोराचा सदरा बघितला की पहिला प्रकार लगेच पटतो. राणी रंगाची गोष्ट तर याहून पुढची. लोलकातून पडलेल्या पट्ट्यात तो कुठेच नाही. लांब आणि आखूड शंकू जोरात, मध्यम मात्र मागे, असा आकडा कोणताही एकटा किरण मांडून घेऊ शकत नाही. तरी मेंदू त्यालाही रंग देऊन मोकळा होतो, आणि त्या रंगाच्या साड्या खपतात.

आता पुन्हा काउंटरवर येऊ. पैठणीचं रेशीम एका प्रकारच्या रंगद्रव्याने रंगवलेलं, ब्लाउजपीसचं कापड वेगळं आणि त्याचं रंगद्रव्यही वेगळं. दोघांवरून परत येणारं किरणांचं मिश्रण एकसारखं असण्याचं कारणच नाही. दुकानातल्या दिव्याखाली काठावरून आलेल्या उजेडाने तिन्ही शंकूंत समजा ६०, ३० आणि २५ मांडले. ब्लाउजपीसवरून आलेल्या वेगळ्याच मिश्रणानेही योगायोगाने ६०, ३०, २५ च मांडले. झालं, रंग जुळला. जुळल्या त्या बेरजा, आतल्या रकमा नाहीत. बाहेर आल्यावर वरून पडणारा उजेडच बदलला. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याचा थर. त्यामुळे त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास उंच सुळका असतो, त्याच्यापुढे खड्डा, आणि मग पसरट टेकडी. जुन्या ट्यूबलाइटमध्ये तर सुळकेच सुळके. उन्हात असे चढउतार फार कमी. उजेडातला तो खड्डा भरून निघाल्यावर एका कापडाने त्यातलं जास्त परत पाठवलं, दुसऱ्याने कमी, आणि बेरजा फुटल्या. कारखान्यात रंग जुळवणारे याला मेटामेरिझम म्हणतात. मोटारीचा दरवाजा बदलून नवा रंग मारला की सावलीत जुळतो आणि उन्हात उठून दिसतो, तेही हेच.

म्हणजे मावशीचं "बाहेर नेऊन बघू" शास्त्रशुद्ध आहे, पण त्यातही एक मेख आहे. लग्न रात्रीचं असेल आणि कार्यालयात पिवळे दिवे असतील, तर उन्हात जुळलेलं तिथे फुटू शकतं. ज्या उजेडात नेसायची त्या उजेडात बघणं हाच खरा उपाय. तो जमत नसेल तर निदान दोन वेगळ्या उजेडांत बघावं. दोन्हीकडे जुळलं तर बहुधा सगळीकडे जुळतं. धूपछांव पैठणी यात धरू नका. तिच्यात ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रंग एक आणि बाण्याचा, म्हणजे आडव्यांचा, दुसरा असतो, त्यामुळे साडी हलली की खरोखरच वेगळा उजेड डोळ्यात येतो. तिथे डोळ्याची काही चूक नाही.

इथपर्यंतचं काम तीन आकड्यांवर भागलं. पण यंगच्या सिद्धांतातून एक गोष्ट सुटत नव्हती. हिरवट निळा रंग आपण पाहतो, पिवळसर हिरवाही पाहतो, तांबूस पिवळा तर हळदीच्या लोणच्यापासून भगव्यापर्यंत सगळीकडे आहे. पण एकाच जागी तांबडा आणि हिरवा दोन्ही असलेला रंग कोणी पाहिलाय? निळसर पिवळा? जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंगने १८७० च्या दशकात नेमकं यावर बोट ठेवलं आणि म्हटलं की रंग जोड्यांनी काम करतात: लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा, काळा विरुद्ध पांढरा. जोडीतला एक वर गेला की दुसरा खाली. यंगवाले आणि हेरिंगवाले पुढे कित्येक दशकं भांडत राहिले. दोघेही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या मजल्यांबद्दल बोलत होते.

शंकूंच्या लगेच पुढच्या थरांत, दृष्टिपटलातच, वजाबाकी सुरू होते. लांबच्या आकड्यातून मध्यमचा वजा केला की एक संदेश मिळतो, साधारण लाल-हिरव्याचा. आखूडच्या आकड्यातून बाकी दोघांची बेरीज वजा केली की दुसरा, साधारण निळ्या-पिवळ्याचा. लांब आणि मध्यम यांची नुसती बेरीज हा तिसरा, उजेड-अंधाराचा. असं करण्यात काटकसर आहे. उजेड टिपणाऱ्या पेशी साडेबारा कोटींच्या घरात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेत तंतू फक्त १० ते १२ लाख. सगळं जसंच्या तसं पाठवायला जागाच नाही. लांब आणि मध्यम शंकूंचे आकडे बहुतेक वेळा जवळजवळ सारखे असतात. ते दोन्ही पूर्ण पाठवण्यापेक्षा त्यांतला फरक पाठवणं स्वस्त पडतं. हेरिंगच्या शुद्ध लाल-हिरव्याशी ही वजाबाकी तंतोतंत बसत नाही, आणि ती उरलेली तडजोड मेंदूत कुठे होते यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

वजाबाकी घरी बघता येते. कोऱ्या कागदावर रुपयाएवढा कुंकवाचा ठिपका काढा, अर्धा मिनिट त्याच्या मध्यावर नजर खिळवून ठेवा, आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर निळसर हिरवा ठिपका तरंगेल. लाल बघून त्या जागचे लांब शंकू आणि त्यांच्या पुढच्या पेशी थकलेल्या असतात. पांढऱ्या भिंतीवर त्यांचा आकडा कमी भरतो आणि वजाबाकी हिरव्याच्या बाजूला झुकते. ऑपरेशन थिएटरमधले हिरवे-निळे कपडे निवडण्यामागे हेही एक कारण सांगतात. सतत रक्ताकडे पाहणाऱ्या सर्जनला पांढऱ्या चादरीवर हे ठिपके त्रास देतात, हिरव्यावर ते विरून जातात.

पुढचा टप्पा डोक्याच्या मागच्या बाजूला. दृष्टिमज्जेतून निघालेले संदेश मधल्या एका थांब्यावरून मेंदूच्या मागच्या भागात पोचतात आणि तिथे दुसरी तुलना सुरू होते: या जागेची शेजारच्या जागांशी. ही तुलना किती जबरदस्त आहे हे पाहायला पंचवटीतल्या काळारामासारखी जागा नाही. भर दुपारी बाहेरच्या काळ्या पाषाणावर साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड पडतो. दगडाने त्यातला दहावा हिस्सा परत पाठवला असं धरलं तरी दहा हजार झाले. त्याच वेळी एखाद्या झाकल्या ओवरीत २०० लक्स उजेड असेल, तर तिथे बसलेल्या पुजाऱ्याचं शुभ्र सोवळं त्यातला बहुतेक सगळा परत पाठवूनही दीडशे-पावणेदोनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे काळ्या दगडाकडून डोळ्यात येणारा उजेड पांढऱ्या सोवळ्याच्या पन्नास-साठ पट. तरी दगड काळाच दिसतो आणि सोवळं पांढरंच. मेंदू किती उजेड आला हे विचारत नाही. आजूबाजूच्या मानाने किती आला, हे विचारतो.

रंगाचंही तसंच. सकाळी सात वाजता गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं, ऊन तांबूस असतं, दुपारी पांढरं, सावलीत आभाळाची निळाई जास्त. वाटीतलं दही या सगळ्यात पांढरंच राहतं, कारण समोरच्या सगळ्या गोष्टी एकाच बाजूला झुकल्यात हे पाहून मेंदू तो झुकाव दिव्याच्या खात्यावर टाकतो आणि वजा करतो. पोलरॉइड कॅमेऱ्याचा जनक एडविन लँड याने हे फार नाट्यमय करून दाखवलं. रंगीत कागदांच्या तुकड्यांची गोधडीसारखी मांडणी, तिच्यावर तीन रंगांचे प्रक्षेपक, आणि प्रत्येकाची तीव्रता कमीजास्त करायची सोय. हिरव्या तुकड्यावरून डोळ्यात येणारं मिश्रण मोजायचं, मग दिवे असे बदलायचे की लाल तुकड्यावरूनही तेच मिश्रण यावं. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच. बघणाऱ्याला पहिला हिरवाच दिसला होता आणि दुसरा लालच दिसत राहिला.

ही वजाबाकी कधी गडबडते तेही सगळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याचा फोटो जगभर फिरला. कोणाला तो निळा-काळा दिसला, कोणाला पांढरा-सोनेरी. झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता. फोटोत उजेड कुठून येतोय याचा सुगावा पुरेसा नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापला दिवा गृहीत धरला. निळसर सावली धरणाऱ्यांनी निळं वजा केलं आणि त्यांना पांढरा उरला. पिवळा उजेड धरणाऱ्यांनी पिवळं वजा केलं आणि निळा उरला. घराघरात झालेलं ते भांडण मला तरी फालतू वाटलं नव्हतं. रंग कापडात आहे असं मानून चालणाऱ्या माणसाला दुसरा खोटं बोलतोय असंच वाटणार.

मेंदूचा हा वाटा किती मोठा, याचे पुरावे इस्पितळांतून येतात. पक्षाघाताने मेंदूच्या खालच्या-मागच्या बाजूचा विशिष्ट भाग निकामी झाला की काही रुग्णांना सगळं करड्या छटांत दिसायला लागतं. शंकू ठणठणीत, दृष्टी शाबूत, अक्षरं वाचता येतात, पण रंग गेला. दुसरीकडे, रंगदृष्टी पूर्ण निकोप असलेल्या माणसांच्या डोळ्यांत डोकावून शंकू मोजले तेव्हा लांब आणि मध्यम यांचं प्रमाण कोणात जवळजवळ समसमान निघालं, तर कोणात लांब शंकू मध्यमच्या सोळा पट. तरीही शुद्ध पिवळा कोणता, यावर या माणसांचं बऱ्यापैकी एकमत होतं. यंत्रसामग्री इतकी वेगळी असून उत्तर एकच येतं, म्हणजे प्रत्येक मेंदू आपल्या वाट्याला आलेल्या शंकूंचा हिशेब जुळवून घेतो.

मोतीबिंदूच्या रुग्णांना हे स्वतःवरच अनुभवायला मिळतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवायला लागतं. बदल इतका हळू होतो की मेंदू तो वजा करत राहतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघावं: नव्या डोळ्याला भिंत निळसर पांढरी, जुन्याला तीच भिंत चहा सांडल्यासारखी. काही आठवड्यांत नव्या डोळ्याचा निळेपणाही ओसरतो, कारण मेंदू पुन्हा हिशेबाला बसलेला असतो.

संध्याकाळी तर आपण सगळेच थोडे रंगांधळे होतो. अंगणातली जास्वंद सूर्य असताना पानांपेक्षा झगझगीत. दिवेलागणीनंतर तीच फुलं काळपट होतात आणि पानं उजळ वाटायला लागतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८२५ मध्ये हे नोंदवलं, म्हणून या बदलाला त्याचं नाव लागलं. उजेड कमी झाला की शंकू थांबतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास तेज आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. शिवाय त्या एकाच प्रकारच्या. एकच वही, तुलनेला दुसरी नाही. म्हणून चांदण्यात रंग नाहीत.

मग जन्मतःच एक वही कमी असेल तर? त्यालाच आपण रंगांधळेपणा म्हणतो, आणि शब्दावरून वाटतं तसं त्यात जग काळं-पांढरं नसतं. बहुतेकांत लांब किंवा मध्यम शंकूंपैकी एक प्रकार नसतो किंवा दोघांचे ऑप्सिन एकमेकांच्या फार जवळ गेलेले असतात. निळा-पिवळा व्यवस्थित कळतो. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी यांत घोळ होतो. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लावताना हिरवट, नारिंगी आणि पक्का लाल असे वेगळे काढणं अशा माणसाला अवघड जातं, पण पुष्कळ जण फळाच्या चकाकीवरून आणि हाताला लागणाऱ्या मऊपणावरून इतकं नेमकं ओळखतात की घरच्यांनाही वर्षानुवर्षं शंका येत नाही.

या दोन शंकूंची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारीशेजारी आणि जवळजवळ सारखी आहेत. आपल्या माकड-पूर्वजांत तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एकाच जनुकाची दुसरी प्रत तयार झाली आणि ती हळूहळू थोडी बदलली. पानांतून पिकलेली फळं किंवा कोवळी पालवी हेरायला ती कामाला आली असावी. शेजारीशेजारी आणि सारखी असल्याने पिढी बदलताना त्यांची अदलाबदल सहज होते, एखादी गळते. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून. म्हणून हा दोष आईच्या वडिलांकडून आईमार्फत नातवात उतरतो. मुलीला दुसरा एक्स सांभाळून घेतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, बायकांत अर्धा टक्का. रसायनशास्त्रातला अणूवाला जॉन डाल्टन स्वतः असा होता आणि १७९४ मध्ये त्याने त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्याच्या आतला पारदर्शक द्रव निळा असावा असा त्याचा समज. मेल्यावर तपासा, असं त्याने सांगून ठेवलं. १८४४ मध्ये तपासलं, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या डोळ्याच्या अवशेषांतून १९९५ मध्ये डीएनए काढला तेव्हा कळलं की त्याच्याकडे मध्यम शंकूचं जनुकच नव्हतं.

नाशिक रोडच्या फलाटावर उभं राहून सिग्नल पाहिला की रेल्वेला याची इतकी काळजी का, ते कळतं. स्वीडनमधल्या लागरलुंडाच्या १८७५ च्या अपघातानंतर होल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकाने रंगांधळेपणाकडे बोट दाखवलं आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रंगीत लोकरीच्या लडी निवडायची चाचणी आणली. त्या अपघाताचं कारण खरंच तेच होतं का, यावर पुढे शंका घेतली गेली, पण चाचणी टिकली. आपल्याकडे लोको पायलटला आजही पूर्ण रंगदृष्टी लागते. गाडीच्या लायसन्सचा नियम मात्र जून २०२० मध्ये सैल झाला. सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना ते मिळू शकतं.

उपायांच्या नावाखाली विकले जाणारे महागडे चष्मे मी कोणाला घ्यायला सांगणार नाही. ते लांब आणि मध्यम शंकू जिथे सर्वांत जास्त एकमेकांवर येतात तो पट्टा गाळतात. काहींना त्यामुळे छटांमधला फरक ठळक वाटतो, पण नसलेली वही चष्मा आणून देत नाही. ती आणून देण्याचा प्रयत्न २००९ मध्ये अमेरिकेत माकडांवर झाला. जन्मतः लाल-हिरवा न ओळखणाऱ्या दोन प्रौढ नर माकडांच्या दृष्टिपटलात निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत लांब शंकूचं जनुक सोडलं; त्यातल्या एकाचं नाव डाल्टनच ठेवलं होतं. काही महिन्यांत ती आधी न दिसणारे ठिपके स्क्रीनवर बिनचूक दाखवायला लागली. मेंदू तोच, वही एक वाढली, आणि त्याने तुलना सुरू केली. माणसांत लाल-हिरव्या रंगांधळेपणावर असा उपचार अजून उपलब्ध नाही.

म्हणून आज हातात राहतं ते लवकर माहीत करून घेणं. कितीतरी मुलांना हे पहिल्यांदा कळतं ते भरतीच्या मेडिकलला, दोन वर्षं अभ्यास करून झाल्यावर. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरने १९१७ मध्ये तयार केलेली ठिपक्यांची पुस्तिका डोळ्यांच्या बहुतेक दवाखान्यांत असते आणि तपासणीला पाचेक मिनिटं लागतात. अंक न ओळखणाऱ्या लहानग्यांसाठी तिच्यात वळणदार रेघेवरून बोट फिरवायची पानं आहेत. फक्त ती छापील पुस्तिकाच हवी, आणि दिवसाच्या उजेडात किंवा तसाच उजेड देणाऱ्या दिव्याखाली. पिवळ्या बल्बखाली तिच्यातले रंग ब्लाउजपीससारखेच फुटतात, आणि मोबाइलवर आलेल्या तिच्या फोटोवरून मुलाला पास किंवा नापास ठरवू नये.